सगळे पाहिले, समजलेही. मग पेपरात आठवत का नाही?

नववीतल्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीला शिकण्याची हौस दांडगी, विज्ञानाचे आणि मानसशास्त्राचे व्हिडिओ ती रोज दोन-अडीच तास पाहते, पण घटक चाचणीत विज्ञानात जेमतेम काठावर पास, अशी त्यांची तक्रार होती. मोबाईल काढूनच घ्यावा, असे वडिलांचे मत होते. मुलगी म्हणाली, "मॅडम, बघताना सगळं कळतं हो. पेपर हातात आला की काहीच सुचत नाही."

झोप, वाचनातील अडचण, परीक्षेची भीती यांची आधी चौकशी केली. त्यात ठळक असे काही आढळले नाही. काही छोट्या व्हिडिओंवरून "मला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) आहे" असे निदान मात्र तिने स्वतःच करून टाकले होते. ती लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, हे त्या व्हिडिओंत कुठेच नव्हते. तिच्या बाबतीत तसा इतिहास नव्हता.

मग तिने आपली वही दाखवली. 'पाहायचे आहे' या मथळ्याखाली रंगीत पेनांनी लिहिलेली लांबलचक यादी होती: खान अकॅडमी, अरविंद गुप्तांची खेळणी, मराठी विश्वकोश, एनसीईआरटीचे अकरावीचे मानसशास्त्राचे पुस्तक आणि कितीतरी चॅनेल. निवड उत्तम होती, मोठ्यांनाही जमणार नाही इतकी. तरीही मी तिला विचारले, "सायकल कशी चालते हे तुला दहापैकी किती कळतं?" रोज सायकलनेच क्लासला जाणारी ती "नऊ" म्हणाली. चित्र काढायला सांगितल्यावर तिने साखळी दोन्ही चाकांवरून नेली. "मग पुढचं चाक वळणार कसं गं?" असे वडिलांनीच विचारले आणि ती हसत खोडरबर शोधू लागली.

रोझेनब्लिट आणि कील या संशोधकांनी 2002 मध्ये हेच दाखवले होते: चेन (झिपर) किंवा कुलूप कसे चालते हे आपल्याला नीट ठाऊक आहे असे लोकांना वाटते, पण पायरीपायरीने सांगायला लावले की ते स्वतःच स्वतःला कमी गुण देतात. चांगला व्हिडिओ ही फसगत वाढवतो, कारण समजावण्याचे सगळे कष्ट दुसऱ्याने घेतलेले असतात. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले. आठवडाभराने मात्र त्यांना सुमारे 42 टक्केच आठवले, तर एकदा वाचून नंतर न पाहता लिहून काढणाऱ्यांना सुमारे 56 टक्के.

म्हणून यादीला हात न लावता आम्ही फक्त क्रम बदलला. एका धड्यासाठी पाठ्यपुस्तक आणि बाहेरचे एकच साधन. पाहून झाले की मोबाईल पालथा ठेवून आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचे, पुस्तकाशी ताडून चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या, आणि तेच पुन्हा दुसऱ्या दिवशी व नंतर आठवड्याने करायचे. 'धाराविद्युत'साठी कोलोराडो विद्यापीठाची 'फेट' ही पडद्यावर आभासी प्रयोग करता येणारी मोफत साधने घेतली. दोन सारखे दिवे एकसर जोडणीत (एकाच वाटेवर एकामागोमाग एक) लावण्याआधी काय होईल ते लिही, असे मी सांगितले. तिने लिहिले, "पहिल्या दिव्यात थोडी वीज संपेल, म्हणून दुसरा मंद लागेल." दोन्ही सारखेच प्रकाशले. ही समजूत अनेक मुलांची असते, आणि आधी अंदाज लिहिलेला नसता तर तिला ती आपली आहे हेही कळले नसते.

पुढच्या चाचणीत गुण थोडे वाढले, फार नाही. लिहून काढण्याचा तिला कंटाळा येतो आणि काही दिवस ते राहूनच जाते, असे आईने सांगितले. ते स्वाभाविकच आहे. आठवण्याचे काम पाहण्यापेक्षा जड असते. वडिलांचा प्रश्न मात्र मोबाईलचाच होता. त्यांना मी सांगितले, की रोजचा अर्धा तास निव्वळ हौसेचा असू द्या. त्या वेळात तिने कृष्णविवरे पाहावीत नाहीतर स्वप्नांविषयी ऐकावे, पण त्यावर "सांग बघू काय कळलं" असे घरातल्या कुणीही विचारू नये.