कर्बचं पत्र आलं म्हणून भिंत पाडू नका

तुमची पोस्ट वाचली. समोरच्या बागेत गाडी लावायला जागा करायचीय. व्हिक्टोरियन सेमी (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं जुनं घर), कॉन्झर्वेशन एरिया (जुनं रूप जपायला कौन्सिलने ठरवलेला भाग), समोर सव्वापाच मीटर खोल बाग, फूटपाथलगत विटांची जुनी भिंत आणि तिच्यामागे प्रिव्हेटची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण. कौन्सिलकडून ड्रॉप्ड कर्ब (गाडी चढवायला फूटपाथची उतरवलेली कड) मंजूर झाल्याचं पत्र हातात आहे, बिल्डर सोमवारी स्किप (राडारोड्याची मोठी पेटी) आणतोय आणि तुम्ही विचारताय की रेझिन टाकावं की ब्लॉक पेव्हिंग. ते नंतर बघू. आधी बिल्डरला फोन करून सांगा, भिंतीला हात लावू नकोस.

असलंच पत्र आमच्याकडेही येऊन गेलंय, म्हणून न राहवून लिहितोय. मी प्लॅनर नाही, वकीलही नाही. खालचं सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे आहेत.

तुमच्या हातातलं पत्र हायवेज विभागाचं आहे. हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम १८४ खाली फूटपाथ ओलांडून गाडी आत न्यायची मुभा, बास, एवढाच त्याचा अर्थ. ते लोक फूटपाथ बघतात: दिव्याचा खांब आड येतो का, खाली कुणाच्या केबल आहेत, उभी गाडी बाहेर लोंबेल का. भिंत पाडायची की नाही आणि बागेत फरसबंदी करायची की नाही, हा प्लॅनिंगचा, म्हणजे बांधकामाची परवानगी देणाऱ्या खात्याचा विषय. लंडनच्या बरोमध्ये ही दोन्ही खाती एकाच कौन्सिलची असतात. काउंटीमध्ये हायवेज काउंटी कौन्सिलकडे आणि प्लॅनिंग डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे कौन्सिलच वेगळं. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असेल की इतर आवश्यक परवानग्या घेण्याची जबाबदारी अर्जदाराची. कुठल्या इतर, ते लिहिलेलं नसतं.

माझा खरा राग या ओळीवर आहे. आमच्या वेळी हायवेजच्या कार्यालयाला फोनवर स्पष्ट विचारलं, तर उत्तर आलं, "ड्राइव्हवेला प्लॅनिंग लागत नाही, ते परमिटेड डेव्हलपमेंट आहे." म्हणजे अर्जाशिवाय करता येणारं काम. चार गल्ल्या पलीकडच्या घरासाठी हे उत्तर बरोबर होतं. आमच्या गल्लीला आर्टिकल ४, म्हणजे ही अर्जाशिवायची मुभा काढून घेणारा कौन्सिलचा आदेश, लागू होतं आणि ते कौन्सिलच्याच नकाशावर रंगवलेलं होतं. अर्ज घेताना पत्ता टाकला की तो रंग समोर दिसायला किती वेळ लागतो? पण खातं दुसरं, म्हणून कुणी बघत नाही. तुमचे पैसे मात्र घेतात, आणि प्लॅनिंग नाकारलं गेलं तर ड्रॉप्ड कर्बच्या अर्जाची फी परत मिळेल ही आशा सोडा. फोनवरचा शब्द तर पुढे कुणीच मानत नाही.

आता नेमकं काय तपासायचं ते. नुसत्या कॉन्झर्वेशन एरियामुळे पार्किंग अडत नाही, हा गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. फ्लॅट नसलेल्या अख्ख्या घराला समोर फरसबंदी करायचा हक्क क्लास एफखाली (परमिटेड डेव्हलपमेंटमधलं फरसबंदीचं कलम) कॉन्झर्वेशन एरियातही असतो. ऑक्टोबर २००८ पासूनची अट एवढीच की घर आणि रस्ता यांच्यामध्ये ५ चौरस मीटरहून जास्त जागा झाकायची असेल तर पृष्ठभाग पाणी जिरवणारा हवा, किंवा पाणी तुमच्याच हद्दीतल्या मातीत वळवलेलं हवं. फ्लॅटला हा हक्क नाही, मग तो तळमजल्यावर असो आणि बाग संपूर्ण तुमच्या नावावर असो.

हा हक्क काढून घेतला जातो तो आर्टिकल ४ च्या आदेशाने. कौन्सिलच्या साइटवर नुसता नकाशा बघून थांबू नका. मूळ आदेशाची पीडीएफ उघडा आणि तिच्या परिशिष्टात घर क्रमांक शोधा. रस्त्याची एक बाजू आदेशात आणि दुसरी बाहेर असंही असतं. आदेशात क्लास एफ आहे का, भिंत पाडणं आहे का, रस्त्याला नवी वाट काढणं आहे का, ही तीन कलमं वेगवेगळी वाचा. बऱ्याच आदेशांत फक्त खिडक्या आणि छपरं असतात. तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं. जुन्या पोस्टमध्ये "आर्टिकल ४ चा अर्ज फुकट असतो" असं वाचाल, ती सवलत जानेवारी २०१८ मध्ये संपली.

आर्टिकल ४ नसलं तरी दोन गोष्टी उरतात. तुमचा रस्ता ए, बी किंवा सी वर्गातला असेल तर नव्या वाटेला प्लॅनिंग लागतंच. आणि भिंत. कॉन्झर्वेशन एरियात रस्त्यालगतची १ मीटर किंवा त्याहून उंच भिंत पाडायला परवानगी लागते आणि ती न घेता पाडणं हा फौजदारी गुन्हा आहे. या पाडकामाच्या अर्जाला फी नाही, त्यामुळे न करण्याला कारणही नाही. फूटपाथच्या बाजूने टेप लावा, कोपिंगच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या दगडासकट. भिंत ९०० मिमी आणि गेटचे खांब १२०० मिमी हे अगदी नेहमीचं दृश्य आहे, आणि खांबही तुम्ही पाडणारच आहात. "थोडीशीच पाडली तर ते डिमॉलिशन होत नाही" असा कायद्याचा मुद्दा कुणीतरी ऐकवेल. तो मुद्दा खरा असला तरी वकिलांनी कोर्टात मांडायचा आहे, तुम्ही बिल्डरच्या भरवशावर वापरायचा नाही. घर लिस्टेड, म्हणजे वारसा इमारतींच्या सरकारी यादीत असेल तर हे सगळं सोडा, तो वेगळाच खेळ आहे.

काहीच लागत नाही असं दिसलं तरी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे काम कायदेशीर असल्याचा कौन्सिलचा दाखला, घ्या. फी प्लॅनिंगच्या निम्मी असते. घर विकताना समोरचा सॉलिसिटर कागद मागतोच, तेव्हा फोनवर कोण काय म्हणालं होतं ते चालत नाही. आणि "चार वर्षं कुणी बोललं नाही की सुटलो" हेही आता जुनं झालं: २५ एप्रिल २०२४ ला किंवा त्यानंतर पूर्ण झालेल्या कामावर कारवाई करायची कौन्सिलची मुदत १० वर्षांची आहे, आणि विनापरवाना पाडलेल्या भिंतीला तर मुदतच नाही.

अर्ज करावा लागला तर अडचण कुठे येते ते सांगतो. हायवेजला गाडी बाहेर काढताना पादचारी दिसायला हवेत. त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना साधारण २ मीटर बाय २ मीटरच्या त्रिकोणात ०.६ मीटरहून उंच काही नको असतं. कॉन्झर्वेशन ऑफिसरला नेमकी तीच भिंत आणि तीच हेज पूर्ण उंचीची हवी असते, कारण कॉन्झर्वेशन एरिया टिकतो तो गल्लीभर सलग दिसणाऱ्या कुंपणांवर. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मध्ये तुम्ही. बहुतेक अर्ज इथेच मरतात. तडजोड अशी निघू शकते: वाट २.४ ते २.७ मीटर रुंदच ठेवायची, पूर्ण दर्शनी भाग उघडा करायचा नाही. उरलेली भिंत राखायची. वाटेच्या तोंडाशी भिंत ६०० मिमीपर्यंत उतरवून वर बारीक गजांचं लोखंडी रेलिंग घ्यायचं, ज्यातून पलीकडचं दिसतं. मूळ खांब वाटेच्या कडेला त्याच विटांत पुन्हा बांधायचा. गेट लावलं तर ते आतच उघडायला हवं, आणि आत उघडलेल्या गेटमागे गाडी मावते का ते कागदावर काढून बघा. तुमची सव्वापाच मीटर खोली बे विंडोपासून (पुढे आलेल्या खिडकीपासून) मोजलीय की तिच्यामागच्या घराच्या दर्शनी भिंतीपासून? बे ६०० मिमी पुढे असेल तर उरतात ४.६५, आणि गाडीच्या जागेचं प्रमाण माप २.४ बाय ४.८ मीटर. गाडी तिरकी लावून मावते हा युक्तिवाद सहसा चालत नाही. हायवेजने पत्र देताना हे माप कुठून घेतलं होतं, तेही एकदा विचारा.

अर्जात "आई-वडील येतात, पार्किंग मिळत नाही, इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय" हे लिहा, पण त्यावर विसंबू नका. वारशाला थोडीही हानी होत असेल तर ती सार्वजनिक फायद्याशी तोलली जाते आणि तुमची सोय हा खासगी फायदा. शेजाऱ्यांकडे आहे म्हणून आम्हालाही, हेही चालत नाही. त्यातली बरीच पार्किंग आदेशाच्या आधीची असतात आणि ऑफिसर त्यांचाच दाखला देऊन म्हणतो, बघा गल्ली कशी बिघडली. त्यापेक्षा नकाशात किती हिरवं उरतंय ते चौरस मीटरमध्ये दाखवा. दोन चाकांपुरते दगडी पट्टे आणि मधे, कडेला झाडी, हा आराखडा संपूर्ण फरसबंदीपेक्षा केव्हाही बरा. समोर रस्त्यावर रेसिडेंट परमिटची बे (रहिवाशांसाठी आखलेली पार्किंगची जागा) असेल तर ती काढायला ट्रॅफिक ऑर्डर बदलावी लागते, तिची जाहिरात निघते, हरकती येतात, खर्च तुमच्यावर. त्यात तुमची एक खासगी जागा म्हणजे गल्लीची एक सार्वजनिक जागा कमी, हे शेजाऱ्यांना बरोबर कळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. रेझिनमध्ये (खडी चिकटवणारं राळेसारखं द्रव्य) "बाउंड" पाणी जिरवतं, "बाँडेड" जिरवत नाही. नावाच्या सारखेपणाने फसतात लोक. बाउंडसुद्धा जुन्या काँक्रीटवर ओतलं तर पाणी खाली जाणार कुठे? मला विचाराल तर जुन्या विटांच्या घरासमोर रेझिन बघवत नाही. क्ले पेव्हर (फरसबंदीच्या भाजलेल्या विटा) किंवा ग्रॅनाइट सेट्स (घडीव दगडी ठोकळे) घ्या, पण पाणी जिरवणाऱ्या पद्धतीने बसवलेले.

त्या पद्धतीत बिल्डर हमखास सवयीने चुकतो. तळाशी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर ४ ते २० मिमीची, बारीक भुकटी नसलेली खडी, साध्या गाडीसाठी २५० मिमीच्या आसपास, ओल्या चिकणमातीवर ३५० पर्यंत. त्यावर ५० मिमी थर २ ते ६ मिमीच्या ग्रिटचा, मग पेव्हर. सांध्यांतही बारीक ग्रिटच. नेहमीचं टाइप १ हार्डकोअर (भुकटीसकटची खडी), शार्प सँड (जाडसर वाळू) आणि भट्टीत वाळवलेली वाळू, यातलं काहीही आलं की पोकळ्या बुजतात आणि वरून पाणी जिरवणारी दिसणारी फरशी पहिल्याच हिवाळ्यात तळं होते. कोटेशनमध्ये "टाइप १" हा शब्द दिसला तर परत पाठवा. लंडनच्या बाजूला चिकणमाती असते. आधी ३०० मिमीचा खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तिथेच असेल तर खडीच्या थरात छिद्रांचा पाइप घालून ते पाणी वाफ्याकडे काढावं लागेल. उतार फूटपाथकडे नको. पृष्ठभाग डॅम्प प्रूफ कोर्सच्या (भिंतीतला ओल अडवणारा थर) १५० मिमी खालीच राहू दे आणि एअरब्रिक, म्हणजे हवेसाठीच्या छिद्रांच्या विटा, झाकू नका.

खोदकामाचा हिशेबही करा. १५ चौरस मीटर गुणिले ३८० मिमी म्हणजे पावणेसहा घनमीटर, आणि खणलेली माती फुगून सात-साडेसात होते. ६ घनयार्डांच्या स्किपमध्ये साडेचार घनमीटरच मावते. तुमचा बिल्डर एकच स्किप म्हणत असेल तर त्याने एकतर हिशेब केलेला नाही किंवा तो इतकं खोल खणणार नाहीये. खणण्याआधी हॉलच्या पुढे किंवा फूटपाथखाली जुनं कोळशाचं तळघर नाही ना, हे बघून घ्या.

झाड असेल तर आणखी एक. १.५ मीटर उंचीवर ७५ मिमीहून जाड बुंधा असेल तर कॉन्झर्वेशन एरियात ते तोडायला किंवा त्याची मुळं कापायला कौन्सिलला ६ आठवडे आधी कळवावं लागतं. हेजला हा नियम नाही, पण मार्च ते ऑगस्टमध्ये पक्ष्यांची घरटी बघूनच हात लावा.

भिंत उतरवायची वेळ आलीच तर विटा हाताने सोडवून, साफ करून ठेवायला सांगा. जुना मसाला चुन्याचा असेल तर विटा सहज सुटतात. पुन्हा बांधताना चुनाच वापरायचा, सिमेंट नाही. मऊ विटेला सिमेंटचा सांधा लावला की थंडीत विटेचा चेहराच सुटतो.

रस्ता कुठल्या वर्गाचा आहे आणि खांबाची उंची किती भरते ते इथे टाका, मग पुढचं बोलू.