‘रन’ या इंग्रजी क्रियापदाचे इतके अर्थ का, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

तुमचा प्रश्न असा, की ‘रन’ म्हणजे धावणे हे शाळेत शिकलो, मग नाक, नळ, कंपनी, ताप या सगळ्यांबरोबर इंग्रजीत ‘रन’ कसं काय येतं? पाय तर यातल्या एकालाही नाहीत.

घोळ ‘धावणे’ या अर्थापासून सुरुवात केल्यामुळे होतो. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे अर्थ दोन होते, धावणे आणि वाहणे. त्याचा जर्मन भाऊ ‘रिनेन’ आजही वाहणे, झिरपणे याच अर्थाने वापरतात. त्यामुळे ‘माय नोज इज रनिंग’मध्ये अलंकार वगैरे काही नाही, नाक सरळ वाहतंच आहे. ‘द कलर्स रॅन’ म्हणजे धुताना रंग सुटून दुसऱ्या कपड्याला लागला. एकदा एक भाषांतर तपासताना ‘पहिल्या धुण्यात रंग धावू शकतात’ असं वाक्य माझ्यापुढे आलं होतं. हसू आवरेना, पण लिहिणाऱ्याने शब्दकोशातला पहिला अर्थ इमानदारीने उचलला होता.

वाहणे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं. जे न थांबता सुरू राहतं ते ‘रन’. इंजिन, दुकान, बस, संगणकावरचा प्रोग्रॅम, सगळं त्यात आलं. आता गंमत बघा: अशा बहुतेक ठिकाणी मराठीत ‘चालणे’ असतं. यंत्र चालतं, दुकान चालतं, नाटक शंभर प्रयोग चालतं. इंग्रजी जिथे पळतं तिथे आपण चालतो! म्हणून ‘शी रन्स अ स्कूल’चं ‘ती शाळा चालवते’ हे आपोआप जमतं. मी तर शिकवताना ‘रन’चा पहिला अर्थ ‘चालू असणे’ असाच सांगतो, धावणे नंतर.

खरी अडचण ‘रन आउट ऑफ’ची. मराठीत साखर संपते, म्हणजे वाक्याचा कर्ता साखर. इंग्रजीत मात्र कर्ता माणूस: ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. आपली मंडळी ‘शुगर इज फिनिश्ड’ म्हणून मोकळी होतात. समोरच्याला कळतं, पण इंग्रजी कानाला ते खटकतं. वेळ, पैसे, पेट्रोल, अगदी सबबीसुद्धा, सगळ्यांना हीच रचना. ‘रन इनटू’ला दोन बाजू आहेत: मित्र अचानक भेटला तरी तेच आणि गाडी खांबावर आदळली तरी तेच. ‘रन ओव्हर’ जपून वापरा. माणसाबाबत म्हटलंत तर तो गाडीखाली आला.

बाकी ‘रन अ फीवर’ म्हणजे अंगात ताप असणे, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे, ‘रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यातच असणे. हे सरळ पाठ करा, तर्क लावत बसू नका.

निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो, तेव्हा इथे ब्रिटिशांशी आपलं जमतं.

अर्थ नेमके किती म्हणाल, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद पुन्हा लिहिली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. घाबरू नका, रोजच्या बोलण्यात पंधरा-वीस पुरतात.

आणि हो, रूपं रन, रॅन, रन अशी आहेत. ‘आय हॅव रॅन’ चूक, ‘आय हॅव रन’ बरोबर. अर्थ चुकला तर संदर्भाने निभावतं, ही चूक मात्र लगेच कानाला लागते.