छोट्या स्पोर्टी गाडीला १९५/५० आर १५ च्या जागी कुठल्या साइझचे टायर घालावेत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की हलकी स्पोर्टी हॅचबॅक आहे, कंपनीचे टायर १९५/५० आर १५ (म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद, १५ इंची रिमचे), रिम ६ इंच रुंद, टायर आता गुळगुळीत झालेत आणि तीन जण तीन सल्ले देतायत. एक म्हणतो २०५/५० घे, दुसरा म्हणतो १९५/५५ घे म्हणजे गाडी जरा उंच होईल, तिसरा म्हणतो रिमच बदल आणि सरळ १७ वर जा. गाडी रोजची आहे आणि सुट्टीला घाटात मनसोक्त चालवता असंही लिहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साइझ नंतर ठरवा, आधी टायर ठरवा. म्हणजे कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल हवंय ते. बहुतेक लोक उलटं करतात, साइझ पक्की करून टाकतात आणि मग त्या साइझमध्ये जे काय दुकानात पडलेलं असेल ते घालतात, आणि मग २०५ चा कडक, जास्त किलोमीटर टिकावा म्हणून बनवलेला टायर घालून विचारतात की ग्रिप का नाही वाढली. ग्रिप मुख्यतः रबराच्या कंपाउंडमधून आणि टायरच्या आतल्या बांधणीतून येते, रुंदीचा नंबर त्यानंतर. चांगला १९५ हा सुमार २०५ ला ओल्या रस्त्यावर आणि ब्रेकिंगला सहज मागे टाकतो. तेव्हा साइझ बदलायचं खरं कारण एकच असू शकतं, तुम्हाला हवा तो टायर मूळ साइझमध्ये मिळत नाही. मिळत असेल तर विषय संपला, तीच साइझ घाला आणि उरलेले पैसे अलाइनमेंट आणि ब्रेक पॅडवर घाला.

पण मिळत नाही असं होतं, १४ आणि १५ इंची स्पोर्टी टायर आता कमीच बनतात, म्हणून पर्याय कसे तपासायचे ते नीट सांगतो.

पहिलं गणित बाहेरच्या व्यासाचं. १९५/५० मधला ५० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे ९७.५ मिलिमीटर, ती वर आणि खाली अशी दोनदा धरा, १९५ झाले, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवा, एकूण ५७६ मिलिमीटर. हा तुमचा मूळ आकडा, कागदावर लिहून ठेवा. आता २०५/५० आर १५ काढा, तो येतो ५८६, म्हणजे १.७ टक्के मोठा. १९५/५५ आर १५ येतो ५९५.५, ३.४ टक्के मोठा. १९५/४५ आर १६ येतो जवळपास ५८२, एकच टक्का. २०५/४५ आर १६ येतो ५९१, अडीच टक्क्यांच्या वर. आणि १७ मध्ये सगळ्यात सहज मिळणारा २०५/४० आर १७ येतो ५९६ च्या आसपास, परत ३.४ टक्के. मी स्वतः दीड-पावणेदोन टक्क्यांच्या पुढे जात नाही, लोक ३ टक्के चालतात म्हणतात आणि चालतातही, गाडी काही बंद पडत नाही, पण छोट्या इंजिनाच्या गाडीत फरक कळतो.

का कळतो तेही सांगतो. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे सगळेच गिअर लांब होतात. समजा तुमचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणारं शेवटचं गिअर गुणोत्तर, ४.१ आहे, तर ३.४ टक्के मोठ्या टायरने तो ३.९७ असल्यासारखा वागतो. २०० हॉर्सपॉवरच्या गाडीत हे कुणाला जाणवणारही नाही, पण ९०-१०० च्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये चढावरच्या वळणातून बाहेर पडताना जी ओढ मिळायची ती थोडी मेलेली वाटते, आणि अशा गाडीची सगळी मजा तर तिथेच असते ना. स्पीडोमीटरही बदलतो, तो बरोबर असेल तर काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३.४ ने पळत असेल. बहुतेक गाड्यांचे काटे मुळातच थोडं जास्त दाखवतात म्हणून हा फरक झाकला जातो, पण ओडोमीटर मात्र कमी पळतो. आणि उंची वाढेल म्हणून १९५/५५ सुचवणाऱ्याला हेही सांगा की व्यास १९.५ मिलिमीटरने वाढला तर गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १० मिलिमीटरही नाही.

आता रुंदी. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा थांबतो. लोकांना वाटतं रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकलं. तसं नाही होत, निदान वाटतं तेवढं नाही. टायर गाडीचं वजन मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर पेलतो, त्यामुळे एका चाकावर २५० किलो असेल आणि हवा ३२ पीएसआय असेल तर जमिनीला टेकणारा भाग ११० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो, तुमच्या तळहातापेक्षा थोडा मोठा. टायर १९५ चा असो की २१५ चा, हे क्षेत्रफळ फार बदलत नाही, बदलतो त्याचा आकार, तो आडवा रुंद आणि पुढेमागे आखूड होतो. आडवा पट्टा कोरड्या रस्त्यावर वळणात मदत करतो, हे खरंय, आणि जोरात चालवताना उष्णताही जास्त रबरावर वाटली जाते. पण पावसात तोच आडवा पट्टा जास्त पाण्याला एकदम भिडतो आणि पाणी बाहेर ढकलायला त्याला लांबी कमी मिळते, म्हणून हलकी गाडी रुंद टायरवर पाण्यावर तरंगायला लवकर लागते. हलक्या गाडीला हा धोका जड गाडीपेक्षा जास्त, हे कृपया विसरू नका.

ज्यांनी खरोखर मजेदार छोट्या गाड्या बनवल्या त्यांनी काय केलं ते बघा. १९८९ साली माझदाची पहिली एमएक्स-५ आली ती १८५/६० आर १४ वर, आणि तिच्या हाताळणीचं कौतुक अजून थांबलेलं नाही. टोयोटा ८६ २०१२ मध्ये आली तेव्हा २०० हॉर्सपॉवर असूनही बऱ्याच ठिकाणी तिला २१५/४५ आर १७ चे मिशेलिन प्रायमसी एचपी दिले होते, म्हणजे चक्क आरामशीर गाड्यांचे टायर, कारण टायर सुटायला लागतो ते चालवणाऱ्याला कमी वेगातच आणि हळूहळू कळावं हा विचार होता. मला हा विचार मनापासून पटतो. टायर जरा आधी बोलायला लागला तर घाटात माणूस सावध राहतो, फार रुंद चिकट टायर शेवटपर्यंत गप्प बसतो आणि मग एकदम सोडतो.

रिमच्या रुंदीकडे वळू. तुमची रिम ६ इंच आहे. १९५/५० आर १५ साधारण साडेपाच ते ७ इंचाच्या रिमवर चालतो, २०५/५० आर १५ साडेपाच ते साडेसात, म्हणजे दोन्ही बसतात. पण २०५ ची रुंदी मोजतात ती साडेसहा इंची रिमवर, ६ वर तो जरा चिमटल्यासारखा बसतो, साइडवॉल बाहेर फुगतो आणि स्टिअरिंग वळवल्यावर आधी टायर वाकतो मग गाडी वळते, असा तो किंचित आळस येतो. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटर बदलते हे लक्षात ठेवा. शिवाय एका कंपनीचा २०५ दुसऱ्या कंपनीच्या २०५ पेक्षा बराच रुंद असू शकतो, म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्यक्ष रुंदी आणि व्यास दिलेला असतो तो बघा, साइडवॉलवरचा नंबर हा फक्त अंदाज आहे.

रिम बदलणारच असाल तर ईटी म्हणजे ऑफसेट न बघता एक रुपया देऊ नका. रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. उदाहरण घ्या, आत्ता ६ इंची रिम ईटी ४५ आहे आणि दुकानदार ७ इंची ईटी ३८ दाखवतोय. रुंदी एक इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूला १२.७ मिलिमीटर, आणि ईटी ७ ने कमी म्हणजे चाक ७ मिलिमीटर बाहेर सरकलं. आतल्या बाजूला स्ट्रटच्या (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याच्या) दिशेने ५.७ ने जवळ गेलं, बाहेर फेंडरकडे १९.७ ने. आता गाडीजवळ जा, मागच्या चाकाच्या वर टायर आणि फेंडरची कड यांच्यात बोटं घालून बघा किती जागा आहे, मग पुढचं स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या लायनरपाशी बघा, आणि स्ट्रटपाशी. चार माणसं बसवून मागचं बघितलंत तर उत्तमच, कारण घासतं ते नेहमी भरल्या गाडीत खड्ड्यातून जाताना, दुकानासमोर उभ्या गाडीत कधीच घासत नाही. पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधलं भोकही जुळलं पाहिजे, भोक मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग लावा नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहील.

१७ इंचाबद्दल माझं स्पष्ट मत, रोजच्या हलक्या गाडीला नको. २०५/४० मध्ये साइडवॉल ८२ मिलिमीटर राहतो, तुमच्या आत्ताच्यापेक्षा १५ ने कमी, खड्ड्यात रिम वाकते, साइडवॉलला फुगा येतो. आणि मोठी रिम जड असते, ते वजन स्प्रिंगच्या खाली आणि चाकाच्या कडेला असतं, म्हणजे पिकअप, ब्रेक, सस्पेन्शन तिघांनाही त्रास. घ्यायच्या आधी जुनं चाक आणि नवं चाक दोन्ही वजनकाट्यावर ठेवायला सांगा, प्रत्येक चाकामागे दोन किलो वाढत असतील तर मी परत येईन. फेंडरमधली मोकळी जागा भरल्यावर गाडी देखणी दिसते हे मान्य, पण तुम्ही घाटात चालवण्याबद्दल विचारलंय.

लोड आणि स्पीडचा नंबर मूळपेक्षा खाली नको. तुमच्या टायरवर ८२ व्ही असेल तर ८२ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ४७५ किलो, व्ही म्हणजे जास्तीत जास्त ताशी २४० किलोमीटर. ८४ किंवा ८६ घेतला तर हरकत नाही. एक्सएल (जास्त भार पेलणारा) लिहिलेला असेल तर त्याची पूर्ण क्षमता जास्त हवेवर मिळते आणि साइडवॉलही थोडा कडक असतो, एवढंच. तारीख बघा, चार आकडी कोड असतो, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. जुना पडून राहिलेला स्पोर्टी टायर घेऊ नका, त्याचं रबर कडक होतं आणि ज्यासाठी पैसे दिले तेच जातं.

तर तुमच्या जागी मी असतो तर आधी १९५/५० आर १५ मध्ये चांगला स्पोर्टी किंवा चांगला टूरिंग टायर शोधला असता. नाही मिळाला तर २०५/५० आर १५, याच रिमवर, फेंडरची जागा तपासून, कारण १.७ टक्के सहन होण्यासारखं आहे. आणि रिम बदलायचीच हौस असेल तर हलकी साडेसहा इंची १६ आणि १९५/४५, त्यात साइडवॉल ८८ मिलिमीटरच्या आसपास राहतो आणि व्यास जवळपास तोच. चारही एकाच मॉडेलचे घाला. आत्ता दोनच बदलायचे असतील तर साइझ अजिबात बदलू नका, आणि नवे दोन मागे टाका, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी मागेच, ओल्या रस्त्यावर मागचं सुटलं तर सावरायला फार अवघड जातं. हवा सुरुवातीला दरवाज्याजवळच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना भरा, मग एक-दोन पीएसआय वरखाली करून स्वतःला काय आवडतं ते बघा. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या टायरचा वरचा थर निसरडा असतो.

तुमच्या रिमच्या मागे ईटीचा नंबर कोरलेला असेल, तो आणि तुमच्याकडे सहज मिळणाऱ्या दोन-तीन मॉडेलची नावं लिहा, मग त्यातला कुठला २०५ तुमच्या फेंडरखाली बसेल ते आकडे मांडून सांगतो.