जुनी कॅमेरो की कारखान्यातून आलेली कोब्रा जेट?

प्रश्न: आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला ड्रॅग रेसिंगमध्येच (सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची शर्यत) करिअर करायचंय. शेव्हरोलेची १९६९ची कॅमेरो घेऊन शर्यतीत उतरायचं म्हणतो. ह्यांचं मत, दारात भंगार नको. फोर्डची कारखान्यातूनच शर्यतीसाठी बनून येणारी कोब्रा जेट सेकंडहँड बघू, एकदाच काय तो खर्च. पण त्यासाठी शिक्षणाचे पैसे मोडावे लागतील. काय करावं?

ताई, नमस्कार.

शिक्षणाच्या पैशांना हात लावू नका. हे आधीच सांगतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचता येईल.

‘एकदाच खर्च’ असं या खेळात काही नसतं. २०१८मध्ये फोर्डने ६८ कोब्रा जेट काढल्या, किंमत १ लाख ३० हजार डॉलरपासून पुढे. पाव मैल साडेआठ सेकंदांच्या आसपास कापणारी ही गाडी रस्त्यासाठी नोंदवताच येत नाही. म्हणजे ट्रेलर आला, तो ओढायला दणकट पिकअप आली. दहा सेकंदांच्या आत धावायचं तर एनएचआरएचा, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचा, स्पर्धा परवाना लागतो, चेसिसची (गाडीच्या सांगाड्याची) ठरावीक काळाने तपासणी होते, सीटबेल्ट दर दोन वर्षांनी बदलावे लागतात. वर रेसिंगचं पेट्रोल, स्लिक (बिननक्षीचे) टायर, गिअरबॉक्सची उघडझाक. जितका वेग, तितकी वर्षाची बिलं मोठी. शिवाय मोजक्याच निघालेल्या गाडीचा भाव ती न वापरता ठेवली तर टिकतो. शर्यतीत पळवली की उतरतो.

आणि एवढं करून जिंकेल का? अशा गाड्या घेऊन ज्यात उतरतात त्या ‘स्टॉक’ गटात, म्हणजे कारखान्यातून आल्या तशाच, फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या गटात, दोन्ही गाड्या सहसा एकदम सुटत नाहीत. पाव मैल किती सेकंदांत कापणार, ती आपली वेळ जो तो आधी जाहीर करतो. तुमच्या मुलाने १२.५० सांगितली आणि शेजारच्या कोब्रा जेटने ९.२०, तर मुलगा ३.३० सेकंद आधी सुटतो. सांगितल्यापेक्षा कमी वेळात पोचला तर बाद! त्यामुळे निकाल लागतो सुटण्याचा हिरवा दिवा लागताच पाय किती चटकन सुटतो आणि गाडी रोज तीच वेळ देते का, यावर. या गटातल्या एकाच उपवर्गातल्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तरच सरळ वेगाची लढाई होते, आणि तिथे मात्र पैसा बोलतो.

म्हणून जुन्या गाडीचं त्याचं म्हणणं मला पटतं, पण कुठली जुनी ते बघा. १९६९मध्ये कॅमेरोच्या झेडएल१ या खास प्रकारच्या फक्त ६९ गाड्या निघाल्या होत्या. ती घेऊन शर्यतीत उतरणं म्हणजे पैठणी नेसून अंगण सारवणं. त्याच वर्षाची साध्या छोट्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनची, बारा-तेरा सेकंदांची गाडी पुरे. तीही कुणीतरी शर्यतीसाठी तयार केलेली, धावती घ्या. गंजलेला सांगाडा स्वस्तात मिळतो आणि मग पत्रेकाम नि मशीन शॉप मिळून घर धुऊन नेतात.

आता करिअर. या गटात बक्षिसावर घर चालत नाही. बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून धावतात. पगार आहे तो इंजिन कॅलिब्रेशन (इंजिनच्या संगणकाची जुळणी), डायनो (इंजिनची ताकद मोजणारं यंत्र), डेटा लॉगिंग (धावताना आकडे नोंदवणं) या कामांत, आणि ती कामं तुमच्या आसपासच्या मोटार कंपन्यांत आहेत. इथे यजमानांच्या बाजूने एक मुद्दा आहे: कार्ब्युरेटर जुळवून हात तयार होतो, पण इंजिनचा संगणक हाताळणं त्यातून येत नाही. त्यासाठी कोब्रा जेट कशाला? कॉलेजच्या फॉर्म्युला एसएई संघात शिरू दे; त्यात विद्यार्थी स्वतः छोटी शर्यतीची गाडी बनवून स्पर्धेत उतरवतात. ती स्पर्धा मिशिगनमध्येच भरते, आणि नोकरीच्या मुलाखतीत त्या कामाबद्दल विचारतात.

यंदाच्या हंगामात गाडी घेऊच नका. घरची सेडान घेऊन त्याला टेस्ट नाइटला, म्हणजे कुणालाही आपली गाडी पळवून बघता येते त्या रात्री, ड्रॅग स्ट्रिपवर (शर्यतीच्या पट्ट्यावर) जाऊ दे, दिव्याचा सराव तिच्यावरही होतो. एखाद्या जुन्या स्पर्धकाच्या पिटमध्ये (गाडी दुरुस्त करायच्या जागी) पडेल ते काम करू दे. हंगाम संपला की त्यानेच वर्षाच्या खर्चाचा कागद यजमानांपुढे ठेवावा. त्यात इंजिन फुटल्याची एक ओळ नसेल, तर कागद परत करा.