आधी लेटरहेडवर 'अँकर' लिहून घे

तू मला ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस. तुझं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईत मराठी न्यूज चॅनेलवर नऊ वर्षं सकाळचं बुलेटिन करतेस, नवऱ्याला मेलबर्नला नोकरी लागलीय, मुलगी सात वर्षांची आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या एबीसी या सरकारी वाहिनीवर सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या लिसा मिलरच्या जुन्या क्लिप्स बघून वाटतंय की तिकडच्या ब्रेकफास्ट टीव्हीवर आपलाही निभाव लागेल. शेवटी विचारलंस, "जमेल का?" त्या दोन शब्दांनी माझी दोन रात्रींची झोप गेली.

व्हिसा, पॉइंट्स, इंग्रजीची परीक्षा यात मी पडत नाही. सरकारी वेबसाइटवर सगळं आहे. तिथे नाही ते सांगते. आपल्याकडे अँकरच्या नेमणूकपत्रावर बहुतेक वेळा अँकर लिहिलेलंच नसतं. माझ्या पत्रावर 'सीनियर कॉपी एडिटर' होतं. अकरा वर्षं भाजीवाल्यापासून आमदारापर्यंत लोक मला चेहऱ्यानं ओळखत होते आणि कागदोपत्री मी कॉपी तपासत होते. व्हिसासाठी कामाचा अनुभव तपासणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या मूल्यमापनवाल्यांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय करत होता? एचआरला मेल टाकला तर दोन ओळींचं छापील पत्र आलं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामावर होत्या, वर्तणूक चांगली. वर्तणूक! त्यातली दोन वर्षं मी रिटेनरवर होते, पगारावर नाही, म्हणजे करकपातीचा कागद फॉर्म १६ नव्हे, १६ए. दोन्हींतला फरक परदेशातल्या माणसाला मेलवर समजावून बघ एकदा. शेवटी जुन्या संपादकांनी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं, मी यूट्यूबवरची बुलेटिनं शोधून लिंका जोडल्या, आणि चार महिन्यांनी नवरा म्हणाला, "सोड गं, माझ्या व्हिसावर चल." चालले. २०१७ च्या जुलैत मेलबर्नला आलो. राजीनामा द्यायच्या आधी ते पत्र हातात घे, कामाची यादी सविस्तर लिहून, सहीशिक्क्यासकट. नंतर कोणी फोनही उचलत नाही.

आता लिसा मिलर. तू तिला सोफ्यावर बघितलंस. क्वीन्सलंडातलं किलकिव्हन हे तिचं गाव, अगदी चिमुकलं. वडील क्लॅरी मिलर त्या भागाचे तेव्हाचे खासदार. १९८८ साली ती 'जिम्पी टाइम्स' या छोट्या पेपरात लागली. जिम्पी म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समज. पुढे एबीसी, वॉशिंग्टन, लंडन, आणि २०१९ मध्ये मेलबर्नहून निघणाऱ्या 'न्यूज ब्रेकफास्ट'चा सोफा. तिथवर पोचायला ३१ वर्षं लागली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिनं तो सोडला, आणि मधल्या काळात, २०२३ मध्ये, तिच्या स्कर्टवरून असं काही घाणेरडं लिहिलं गेलं की तिला त्यावर ऑन एअर बोलावं लागलं. इथे कपड्यांवरून कोणी बोलत नाही असं समजून येऊ नकोस. चॅनेल नाइनच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमात कार्ल स्टेफानोविकनं २०१४ साली जवळजवळ वर्षभर एकच निळा सूट घालून दाखवला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाईनं दोन दिवस एक साडी नेसून बघावी.

मेहनतीचा उपदेश करायला मी हे सांगत नाहीये. सकाळी सहाला इथे लोक टीव्ही लावतात ते निम्मं बातमीसाठी आणि निम्मं कोणीतरी ओळखीचं घरात बोलतंय असं वाटावं म्हणून. मेरी नदीला पूर आला की जिम्पीत पाणी कुठवर चढतं, हे तिथे वाढलेल्या बाईला वाचून बघावं लागत नाही. तुला तसं उल्हास नदीचं माहीत आहे. तू 'बदलापूर' म्हणतेस तेव्हा ऐकणाऱ्याला पाणी दिसतं. मी इथे 'वॉगा वॉगा' असं इथल्याच एका गावाचं नाव घेतलं तर ऐकणाऱ्याला मी दिसते. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

मीडिया डायव्हर्सिटी ऑस्ट्रेलियाचा २०२० चा अहवाल आहे. टीव्हीवरच्या बातम्यांत दिसणाऱ्या निवेदक-वार्ताहरांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक अँग्लो-सेल्टिक, म्हणजे ब्रिटिश-आयरिश वंशाचे होते. इंदिरा नायडू एबीसी आणि एसबीएस या दोन सरकारी वाहिन्यांवर बातम्या वाचायची, पण ती लहानपणीच इथे आलेली. तिचे 'अ' आणि 'ए' इथले आहेत. आपले डोंबिवलीचे.

डोंबिवलीवरून आठवलं. मी एका चॅनेलात (नाव नको) १४ महिने कॅज्युअल, म्हणजे हंगामी, म्हणून टीपी (टेलिप्रॉम्प्टर) चालवायचं काम केलं. इथे त्याला ऑटोक्यू म्हणतात. पहाटे तीनला उठायचं. त्या वेळी ट्रेन नसते. २०२० च्या कोविड कर्फ्यूत परवान्याचा कागद डॅशबोर्डवर ठेवून टार्नेटहून, आमच्या उपनगरातून, निघायचे, वेस्ट गेट ब्रिजवर एकटी माझी गाडी. मग अंधाऱ्या कोपऱ्यात बसून हातात ते गोल बटण. समोरचा वाचेल त्या वेगानं ओळी वर सरकवायच्या, तो थांबला की थांबायचं, तो मनचं बोलायला लागला की ओळ धरून बसायचं. मी चांगली होते यात. कोण कुठे श्वास घेणार ते मला आधी कळायचं, कारण मीही तिथेच घेतला असता.

त्या डिसेंबरात मेलबर्न कसोटीत आपल्या डोंबिवलीत वाढलेल्या रहाणेनं शतक ठोकलं. अॅडलेडला ३६ धावांत गुंडाळल्यावर, कोहली घरी गेल्यावर. सकाळच्या रिहर्सलला स्पोर्ट्सवाला 'राहेन' म्हणाला. मी स्क्रिप्टमध्ये घुसले आणि इंग्रजी अक्षरांत फोडून लिहिलं, र-हा-णे. कोणाला विचारलं नाही. ऑन एअर त्यानं जवळजवळ बरोबर म्हटलं. नऊ वर्षांत माझं हवेत गेलेलं एवढंच. घरी येऊन मी रडले, आणि नवऱ्याला वाटलं, भारत हरला.

तर, जमेल का? थेट मेलबर्नच्या सोफ्यावर, नाही. तुझं जिम्पी शोधलंस तर कदाचित. छोट्या शहरांतल्या रेडिओंना, पेपरांना माणसं लागतात. बातमी स्वतः आणायची, कापायची, वाचायची. गाडी चालवता येते का, हा इंटरव्ह्यूतला पहिला प्रश्न. मला हे माहीत आहे कारण २०१८ मध्ये मिल्ड्युराहून मला एक ऑफर आली होती. मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटर, सहा महिन्यांचं कंत्राट, पगार यथातथाच. मी नाही म्हटलं. सगळ्यांना सांगितलं की लेकीची शाळा नुकती रुळलीय.

त्या शाळेचं सांगते. आलो तेव्हा लेक नऊची, मुंबईत चौथी सुरू झालेली. इथे वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं, आपण जुलैत टपकलेलो. शाळेनं तिला तिसरीत बसवलं. 'जरा रुळू दे.' शिवाय इंग्रजी शिकवायच्या वेगळ्या वर्गात. इंग्रजी माध्यमातली पोर, माझ्यासमोर बसून बातम्या वाचायची! मी भांडायला गेले, आणि भांडताना माझं व्याकरण घसरलं. समोरच्या बाई इतक्या गोड हसल्या की मी सही करून आले. तिच्या नावात 'ज्ञ' आहे. पहिल्याच आठवड्यात शाळेनं ते कापून दोन अक्षरी केलं. यंदा ती बारावीला आहे, बरोबरीच्या मैत्रिणी मुंबईत कॉलेजात गेल्या. फोनवर ती स्वतःचं नाव तसंच कापून सांगते. तिला काही वाटत नाही. मलाच वाटतं. मुलीला खालच्या वर्गात बसवताहेत म्हणाले तर सही करू नकोस, लेखी कारण माग.

आणि मिल्ड्युराचं खरं कारण शाळा नव्हतं. तिकडे मी वाचायला बसेन आणि कोणीतरी फोन करून विचारेल, ही कोण बाई आहे? मला त्याची भीती वाटली. इथे लिहिते, घरी कोणाला सांगितलेलं नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. मंडळाचा गणपती असतो, टार्नेटला कढीपत्ता मिळतो, सवय होते. पुढे.

तू तिशीत आहेस, मी आता ४६ ची. हल्ली कॅप्शनिंगचं, म्हणजे पडद्याखालच्या ओळी लिहायचं काम करते, दिवसाचं. पहाटेच्या शिफ्टचं एकच आवडायचं: मी उठायचे तेव्हा, इथल्या उन्हाळ्यात, पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असायचे, आई मालिका बघत असायची, आणि ब्रेकमध्ये फोन घ्यायची.

एक काम कर. तुझ्या निवडक बुलेटिनांचं शोरील मला पाठव. इंग्रजीतलं नको, मराठीच पाठव. 'ळ' नीट म्हणणारं बरेच दिवसांत ऐकलं नाही.