दिवाळीच्या आधीची टेकडी आणि ४० मुलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीतली ६ ते १४ वयाची ४० मुलं, सोबत काही पालक, दसरा ते दिवाळी या दिवसांत पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळची निसर्गफेरी. तज्ज्ञ कोण आणावा, किती चालवावं आणि काय काय दिसेल? मी या टेकडीवर बरीच वर्षं मुलांना घेऊन फिरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ४० चा आकडा मोडा. एका वाटाड्यामागे १२ मुलं, फार तर १५. त्याहून जास्त झाली की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. तीन गट करा आणि तीन वेगळ्या रविवारी न्या. एकाच दिवशी तीन वाटांनीही नेता येईल, पण मग तीन जाणती माणसं लागतील आणि या दिवसांत ती मिळणं अवघड. २ ते ८ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह आणि ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह, या दोन्हींत सगळ्या शाळांना हीच माणसं हवी असतात. (पक्षी सप्ताहाचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, म्हणून या तारखा.) सहामाही परीक्षेचं वेळापत्रक हातात घ्या आणि दोन्ही सप्ताहांच्या मधले रविवार धरा. टेकडीचा बराच भाग वन विभागाचा आहे, तेव्हा गट नेण्याआधी तिकडे कळवून ठेवा.

तज्ज्ञ आणा, पण कोणता ते नीट बघा. ज्याला ३०० पक्ष्यांची नावं येतात तो मुलांना फिरवायला चांगला असेलच असं नाही. मुलांसमोर थांबता आलं पाहिजे. मुलाने 'हे काय?' विचारलं की लगेच नाव सांगून पुढे निघणारा माणूस नको. 'ते काय करतंय, बघ बरं' म्हणून तिथेच उकिडवा बसणारा हवा. आणि सोबत असा एक माणूस घ्या ज्याला गवत कळतं. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत शेळ्या चारणारं कुणीतरी सापडतंच. कोणतं गवत जनावर कधी खातं आणि कधी तोंड फिरवतं, हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नाही. त्यांना मानधन द्या, नुसता चहा नको. त्याच वस्तीतली चार-पाच मुलंही फेरीत घ्या. टेकडी त्यांची जास्त आहे, आणि तुमच्या मुलांच्या आधी सरडा त्यांनाच दिसेल.

आता अंतर, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. पालकांना वाटतं मुलांना खाणीपर्यंत न्यावं, मग वेताळबाबाच्या मंदिरापर्यंत, मग पलीकडे उतरवावं. तो ट्रेक झाला. निसर्गफेरीला दोन तासांत पाचशे मीटर खूप झाले. लहान मुलांना तर त्याहून कमी. आपल्याकडची पानगळ होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुलांच्या इंग्रजी पुस्तकांतलं लाल-पिवळ्या पानांचं जंगल इथे आत्ता शोधू नका. शरदात टेकडी उलट भरलेली असते. पावसाळाभर खाऊन वाढलेले किडे, पिकायला आलेलं गवत, त्यांच्यावर जगणारे कोळी आणि पक्षी, सगळं एकाच वेळी हजर असतं. पण ते गुडघ्याच्या उंचीवर आहे. भरभर चालणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

काय दाखवायचं, ते सांगते. सगळं एका फेरीत कोंबू नका, यातल्या तीन गोष्टी नीट झाल्या तरी पुष्कळ.

कुसळी गवत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचं बी पिकतं आणि काळपट लांब कुसळं एकमेकांत गुंतून गवताच्या शेंड्यावर झुबके होतात. मुलांच्या मोज्यांत ती घुसणारच, आणि मुलं रडकुंडीला येणारच. तीच शिकवायची वेळ. मोज्यातून एक कुसळ काढा, तळहातावर ठेवा आणि त्यावर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाका. पिळलेलं कुसळ आपोआप उलगडत गोल फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पिळ बसतो. रात्रीच्या दवाने ओलं आणि दिवसा उन्हाने कोरडं, असं फिरत फिरत त्याचं अणकुचीदार टोक बीसकट जमिनीत शिरतं. टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे शिरलेलं परत निघत नाही. मोज्यातून का निघत नव्हतं ते मुलांना तेव्हा कळतं. शेळीवाल्या मावशींना विचारा, बी धरायच्या आधी हेच गवत जनावरं आवडीने खातात आणि नंतर ते तोंडाला टोचतं.

रुईचं झाड. टेकडीवर जाणाऱ्या कुठल्याही वाटेला सापडेल. पानं उलटून बघा, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा या फुलपाखराची. रुईचा विषारी चीक ती पचवते आणि स्वतःही पक्ष्यांना नकोशी होते. मोठ्या मुलांना पुढची गोष्ट सांगा: डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी दिसायला हुबेहूब या बिबळ्या कडव्यासारखी असते, पण तिच्या अंगात विष नसतं. नुसत्या वेषावर तिचं भागतं. मुलांना ही लबाडी फार आवडते. जवळपास खुळखुळ्याची झुडपं असतील तर त्यांच्या वाळक्या भागांवर बिबळ्या कडव्याच्या कुळातले नर गर्दी करून बसलेले दिसतील. त्यातली अल्कलॉइडं, म्हणजे झाडातली एक प्रकारची रसायनं, ते शोषून घेतात आणि माद्यांना आकर्षित करणारा गंध त्यांपासून तयार करतात.

सिग्नेचर स्पायडर. जाळ्याच्या मधोमध इंग्रजी एक्ससारखी पांढरी नागमोडी नक्षी काढून बसलेला कोळी. मोठा दिसतो ती मादी, कडेला कुठेतरी चिमुकला नर असतो. ही नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. काही म्हणतात पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून, काही म्हणतात किडे आकर्षित व्हावेत म्हणून. मुलांना दोन्ही सांगा आणि त्यांचा तिसरा अंदाज ऐका. जाळ्याला बोट लावायचं नाही, हे मात्र आधीच बजावून ठेवा.

आणि चतुर. उघड्या माळावर डोक्याच्या उंचीवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतील, न बसता. शास्त्रीय नाव पँटाला फ्लाव्हेसेन्स. ऑक्टोबरापासून हेच चतुर मालदीववर लाखोंनी उतरतात, जिथे त्यांना वाढायला गोडं पाणी जवळजवळ नाहीच. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून २००९ मध्ये मांडलं की ते भारताकडून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघालेले असतात. थोड्याच दिवसांनी सायबेरिया-चीनकडून निघालेले अमूर ससाणे नागालँडमध्ये थांबून, भारत ओलांडून त्याच दिशेने जातात, आणि वाटेत हे चतुर खातात. नकाशा छापून न्या. डोक्यावर फिरणारा किडा आफ्रिकेला निघाला असेल, हे ऐकल्यावर सहा वर्षांचं मूलही मान वर करून बघत राहतं.

पक्ष्यांचं फार ओझं घेऊ नका. करडा धोबी सप्टेंबरातच येऊन पोचलेला असतो, खाणीच्या पाण्याकाठी शेपूट हलवत फिरतो. गवताच्या काडीवर गप्पीदास, दगडावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा, झाडीत लालकंठी माशीमार. हे चारही हिवाळी पाहुणे आहेत आणि चारही ओळखायला सोपे, कारण प्रत्येकाची शेपटीची नाहीतर बसण्याची खोड वेगळी. मोर दिसेलच, पण मुलं हिरमुसतील: विणीचा हंगाम संपला की मोराचा पिसारा गळतो, ऑक्टोबरात त्याच्याकडे तो नसतो. निळ्या मानेवरून नर ओळखायला सांगा. बोडका मोर हा या फेरीतला सगळ्यात मजेशीर धडा आहे, पोस्टरवर तो कधी दिसत नाही.

फेरी दसऱ्याच्या आधी घेतलीत तर आपटा आणि कांचन शेजारी ठेवून दाखवा. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकली जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं बरंच मोठं. एकदा कळलं की ही मुलं घरी सोनं घेऊन येणाऱ्या काकांना दारातच अडवतील. आपट्याची झाडं दरवर्षी या दिवशी ओरबाडली जातात, तेव्हा एकच पान द्यायचं किंवा नुसतं झाड दाखवून यायचं, हे तुमच्याच सोसायटीत ठरवता येईल.

नारिंगी-पिवळ्या फुलांचे ताटवे दिसले की पालक फोटोसाठी थांबतील. तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा, बागांमधून टेकड्यांवर पसरलेला. दिसतो सुंदर, मध प्यायला फुलपाखरंही येतात, म्हणून मुलांना 'वाईट झाड' असं सांगू नका. पण जिथे तो माजतो तिथे गवत आणि तेरडा-सोनकी मागे हटतात, आणि अळ्यांचं पोट कॉसमॉसवर भरत नाही. मोज्यांना काय काय बी चिकटलं ते मोजण्याचा खेळ खेळत असाल तर ते बी नंतर सोसायटीच्या बागेत झटकू नका.

आता नको त्या गोष्टी. वन्यजीव सप्ताहात कुणीतरी सुचवेल की सर्पमित्राला बोलवू, तो बरणीतून साप आणेल, मुलं हात लावतील. ठाम नकार द्या. साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. विनापरवाना पकडून त्यांचे खेळ करणं गुन्हा आहे. शिवाय त्यातून मुलं एवढंच शिकतात की साप धाडसी माणसाने हातात धरायचा असतो. चित्रं आणि कात चालेल. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही नको. मर्लिन किंवा आयनॅचरलिस्ट ही पक्षी-झाडं ओळखून देणारी अ‍ॅप फोनवर असू द्या, पण वाटेत ती फक्त वाटाड्याने उघडायची, मुलांनी घरी जाऊन. नाहीतर सगळी सकाळ पडद्याकडे बघण्यात जाते. आणि मोठी लेन्स घेऊन येणारे बाबा. त्यांना प्रेमाने सांगा की त्यांची फेरी वेगळ्या दिवशी आहे.

सामान थोडं. सहा-सात वर्षांच्या मुलांना दुर्बीण पेलत नाही, त्यांना भिंग द्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते पुरे. मोठ्यांसाठी ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) दुर्बीण चांगली, चौघांत एक. जुनी छत्री उलटी धरून झुडूप हलकेच हलवलं की तिच्यात जे पडतं ते पाहायला गर्दी होते, पाहून झालं की तिथेच सोडायचं. वही-पेन्सिल प्रत्येकाकडे. शुल्क ठेवाच, थोडं का होईना; फुकट म्हटलं की नाव नोंदवणाऱ्यांतले अर्धे रविवारी उगवत नाहीत.

सूर्योदय या दिवसांत साधारण साडेसहाला होतो. त्या वेळी पायथ्याशी जमा आणि नऊच्या आत खाली या, नंतर ऑक्टोबरचं ऊन मुलांना सोसत नाही. दुपारनंतरची फेरी घेऊ नका, परतीच्या पावसात उघड्या टेकडीवर वीज हा खरा धोका आहे. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, बूट. खाजकुइलीच्या शेंगा धरल्या असतील तर त्या वेलीपासून लांब राहायचं. आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदलायची, आणि अत्तर-सेंट लावून कुणी यायचं नाही. घोणस याच गवतात असते, म्हणून वाट सोडायची नाही आणि दगड उचलायचे नाहीत. कुणाला चावलंच तर बांधणं-कापणं काही न करता, हालचाल कमीत कमी ठेवून १०८ ला फोन आणि थेट रुग्णालय.

रात्रीची फेरी टेकडीवर नको. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत असालच, तिथेच पिंगळ्याचा आवाज ऐका. पतंगांसाठी पांढरा पडदा आणि दिवा लावायचा असेल तर मात्र कोजागिरी टाळा, चांदण्यात दिव्यावर पतंग कमी येतात. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, आकाशकंदील लागायच्या आधीची रात्र बरी.

तुमची सोसायटी कोथरूडच्या अंगाला आहे की पाषाणच्या, तेवढं कळवा. कुठून चढायचं ते त्यावर ठरेल, आणि रुई-खुळखुळा कुठे जवळ आहे तेही सांगता येईल.