शिंगराची वंशावळ वाचताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेक्सासहून पाठवलेले तुझे पत्र आणि सोबतची वंशावळ मिळाली. नामांकित घोड्याची ही दोन वर्षांची घोडी घ्यावी, तिला बॅरल रेसिंगमध्ये, म्हणजे तीन पिंपांभोवती वळसे घेत धावण्याच्या शर्यतीत, उतरवावे आणि पुढे तिच्यापासून पैदास सुरू करावी, असा तुझा विचार आहे. विचार चांगला आहे. मात्र तुझ्या चार पानी पत्रात बापाबद्दल तीन पाने आणि आईबद्दल एकच ओळ आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते नेमके त्या एका ओळीविषयी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. रोडिओ, म्हणजे अमेरिकी गुराख्यांच्या कौशल्यांचे सामने, हे एकच काम नव्हे, त्यामुळे रोडिओच्या घोड्याचे रक्तही एकच नाही. दोरीच्या कामातल्या घोड्याला वासरामागे झेप घ्यायची असते, पाठीवरचा माणूस दोर टाकेपर्यंत जागा धरायची असते आणि मग अंगावर येणारा हिसका सोसायचा असतो. त्यासाठी जुनी माणसे आजही जो हॅनकॉक या घोड्याचे नाव घेतात. त्याचा आजा पीटर मॅक्यू हा शर्यतीच्या रक्ताचा, तर आईच्या अंगात पर्शेरॉन या ओझे ओढणाऱ्या भारी जातीचे निम्मे रक्त होते. त्या वाणाची जाड हाडे आणि मोठे खूर त्या मिश्रणातूनच आले. 1956 मध्ये जन्मलेला ब्लू व्हॅलेंटाइन हा त्याचाच नातू. दुसरे नाव ड्रिफ्टवुडचे. 1932 मध्ये जन्मलेला हा घोडा ‘स्पीडी’ या नावाने रोडिओत स्वतः राबला, शर्यतीही धावला, आणि त्यानंतर चित्रकार चॅनिंग पीक व केटी पीक यांनी त्याला कॅलिफोर्नियातील लोम्पोकजवळच्या आपल्या रँचवर पैदाशीसाठी नेले. कामात सिद्ध झालेला घोडा पुढे बाप झाला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

बॅरलच्या कामाला वेग हवा, म्हणून तिथे क्वार्टर हॉर्स या थोड्या अंतरात वेगाने धावणाऱ्या अमेरिकी जातीतल्या शर्यतीच्या घोड्यांचे रक्त येते. डॅश फॉर कॅश, त्याचा मुलगा फर्स्ट डाउन डॅश आणि त्याचा मुलगा डॅश टा फेम ही साखळी तुला माहीतच असेल. पण तीन पिंपांभोवती वळताना मागचे पाय पोटाखाली घेऊन बसता येणे आणि वळण संपताक्षणी पुन्हा उसळता येणे, हे केवळ सरळ धावणाऱ्या रक्तातून येईलच असे नाही.

आता मुख्य मुद्दा. नामांकित घोड्याला शेकडो शिंगरे होतात. कृत्रिम रेतनामुळे ही संख्या आणखी वाढली आहे. त्यातली दहा-बारा चमकली की जाहिरातीत त्यांचीच नावे येतात आणि उरलेल्यांबद्दल कोणी बोलत नाही. घोडीला मात्र आयुष्यात मोजकीच शिंगरे होतात. त्यांतली दोन-तीन जरी कामाची निघाली, तरी त्या पुराव्याचे वजन कितीतरी अधिक असते. म्हणून बापाच्या बाबतीत एकूण किती शिंगरांपैकी किती कामाला आली ते विचार, आणि आईच्या बाबतीत प्रत्येक शिंगराचे पुढे काय झाले ते विचार.

याचे उत्तम उदाहरण बोझो या बॅरलच्या घोड्याचे आहे. फ्रेंच फ्लॅश हॉक हे त्याचे नोंदणीतले नाव. क्रिस्टी पीटरसन यांनी त्याच्यावर 1994, 1996, 1997 आणि 1998 अशी चार जागतिक विजेतेपदे मिळवली. तो खच्ची केलेला घोडा असल्यामुळे त्याचा वंश चालणे शक्य नव्हते. परंतु सन फ्रॉस्ट हा बाप आणि केसीज चार्म ही आई, अशाच जोडीपासून झालेला त्याचा सख्खा भाऊ पीसी फ्रेंचमन्स हेडे पैदाशीला राहिला. बॅरलच्या स्वार शेरी सर्व्ही यांची स्टिंगरे आणि हेली किन्झेल यांची सिस्टर या दोन्ही घोड्या त्याच्याच मुली. सन फ्रॉस्टला इतर घोड्यांपासूनही उत्तम शिंगरे झाली, हे खरे. तरीही या घराण्याकडे पाहताना माझे लक्ष आधी केसीज चार्मकडे जाते.

याउलट शार्मेन जेम्स यांचा बॅरलचा घोडा स्कॅम्पर पाहा. 1984 ते 1993 अशी सलग दहा विजेतेपदे त्याच्या पाठीवर मिळाली; 1985 च्या रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत फेरी सुरू असताना लगाम सुटला, तरी तो बिनचूक धावून ती फेरी जिंकला. तोही खच्ची केलेला होता. शेवटी 2006 मध्ये त्याचा क्लोन, म्हणजे त्याच्याच पेशींपासून बनवलेली हुबेहूब प्रत, जन्माला घालून पैदाशीला ठेवावा लागला, आणि अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन अशा क्लोनची नोंदणी करत नाही. कामात सर्वश्रेष्ठ ठरलेले रक्त असे वाया जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रोडिओतच स्वाराने आठ सेकंद टिकून राहायचे असते अशा, पाठीवरच्या माणसाला उडवणाऱ्या घोड्यांची पैदास करणाऱ्यांनी ही अडचण टाळली. पूर्वी असे घोडे म्हणजे स्वारीला बिघडलेले घोडे असत. मोंटानातील एकलाका येथील फीक टूक यांनी शायर या भारी जातीचे रक्त मिसळून मुद्दाम अशी पैदास सुरू केली, आणि 1961 पासून कॅलगरी स्टॅम्पीड या कॅनडातील मोठ्या रोडिओने अल्बर्टा प्रांतातील हॅनाजवळच्या रँचवर ते काम मोठ्या प्रमाणावर चालवले. सहा वेळा जागतिक विजेता ठरलेला ग्रेटेड कोकोनट तिथलाच. वायट अर्प हा त्याचा बाप आणि कोकोनट रोल ही आई. त्या क्षेत्रात घोड्याही आखाड्यात उतरतात आणि पैदाशीचे नरही उतरतात. आठ सेकंदांच्या स्वारीत निम्मे गुण जनावराचे असल्यामुळे आई आणि बाप दोघांच्याही कामाची नोंद राहते. तुझ्या पैदाशीतही आधी काम आणि मग मातृत्व हाच क्रम ठेव, असे मी आग्रहाने सांगेन.

आजारांच्या बाबतीत भिडस्तपणा करू नकोस. पोको बुएनो हा थोर घोडा होता, पण त्याच्या वंशात हर्डा नावाचा त्वचेचा आनुवंशिक आजार चालत आला आहे. त्यात शिंगरू जन्मतः निरोगी दिसते आणि खोगीर चढू लागल्यावर पाठीची कातडी सुटू लागते. आई-बाप दोघेही दोषवाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण अंगात दोष बाळगणारे, असतील, तर प्रत्येक शिंगराला तो आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच दोषवाहक असेल, तर शिंगराला आजार होत नाही, मात्र दोष पुढे जाऊ शकतो. म्हणून दोषवाहक घोडी त्याज्य नाही, तिला निर्दोष नर मिळाला पाहिजे इतकेच. केसांच्या मुळांवरून ही तपासणी होते आणि तिचा खर्च घोडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

तेव्हा विक्रेत्याला या आठवड्यात पत्र लिही आणि तीन गोष्टी माग: आईवर कोण बसले व तिने कोणत्या कामात काय केले याची नोंद, तिच्या प्रत्येक शिंगराचा ठावठिकाणा, आणि घोडीचा आनुवंशिक तपासणीचा अहवाल. शक्य असेल तर आई जिथे आहे तिथे स्वतः जाऊन तिचे पाय, खूर आणि स्वभाव पाहून ये. तोपर्यंत इसार देऊ नकोस. विक्रेत्याचे उत्तर आले की मला कळव. आपण दोघे मिळून ते वाचू.

तुझा हितचिंतक